अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या पेठांतून, डोंबिवली-ठाण्याच्या गल्ल्यांतून किंवा नाशिकच्या नव्या वसाहतींतून संध्याकाळच्या वेळी हिंडणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसते. इमारतीच्या दाराशी टेंपो उभा असतो. त्यात गाद्यांच्या वळकट्या, लोखंडी कपाट, गॅसची शेगडी, पुस्तकांची खोकी चढत असतात आणि देव्हारा मात्र कुणीतरी हातातच धरलेला असतो. पाहणाऱ्यास वाटते, कुणाची तरी बदली झाली. बहुतेक वेळा बदली झालेली नसते. नोकरी तीच असते, मुलांची शाळा तीच असते, शहरही तेच असते. करार तेवढा संपलेला असतो.

हा अकराचा आकडा आला कोठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. नोंदणीचा खर्च आणि कचेरीचे हेलपाटे टाळावयाचे, तर मुदत वर्षाच्या आत ठेवावयाची, एवढाच त्यामागील व्यवहार. परंतु महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून जो भाडे नियंत्रण कायदा अमलात आला, त्याच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मग तो कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे असे ठरविले. म्हणजे अकरा महिन्यांच्या हिकमतीचे मूळ प्रयोजन तेव्हाच संपले. तरीही तो आकडा टिकून आहे. कारण दरम्यानच्या काळात त्यात निराळाच अर्थ भरला गेला होता: वर्ष पुरे होण्याच्या आत भाडे वाढविण्याची संधी, दलालास पुन्हा एकदा दलाली, आणि राहणाऱ्याच्या मनात कायमची एक धाकधूक.

भाड्याच्या घरांसंबंधी आपल्याकडे वाद पुष्कळ झाले. पण ते जवळजवळ सगळे भाडे किती असावे या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. घर भाड्याने देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने परस्परांशी कसे वागावे, अनामत रक्कम केव्हा परत करावी, दुरुस्ती कोणी करावी, राहत्या घरात मालकाने केव्हा शिरावे व केव्हा शिरू नये, या प्रश्नांना कायद्याच्या पुस्तकात फारशी जागा मिळाली नाही. आज शहरांतील लक्षावधी कुटुंबांचे सौख्य मात्र याच प्रश्नांवर अवलंबून आहे.

याचे कारण इतिहासात सापडते. मुंबईत भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा आला आणि त्याने सप्टेंबर १९४० मध्ये असलेले भाडे हेच 'प्रमाण भाडे' म्हणून गोठविले. युद्धकाळातील उपाय म्हणून तो समर्थनीय होता. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पन्नास वर्षांहून अधिक काळ मुदतवाढीवर जगला. गिरगाव-लालबागच्या चाळींतील खोलीचे भाडे महिन्याच्या दुधाच्या बिलाहून कमी झाले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. जे भाड्यातून मिळेना ते पागडीतून वसूल होऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात मनमानी झाली असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा कुठे सरकार हलले.

या कथेतील दुसरे वळण १९७३ चे. भाडे कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मालकांनी 'भाडे' हा शब्दच टाकून 'परवाना' ही संज्ञा उचलली होती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात परवाना म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवर काही करण्याची केवळ अनुमती. तीतून मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. पाहुण्याला ओसरीवर झोपू द्यावे तशी ही कल्पना! तिच्या आधारे सबंध संसार थाटले गेले. मग विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर घरात राहत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरूचे संरक्षण देऊन टाकले. त्या दिवशी जे आत होते ते तरले. जे बाहेर होते त्यांच्यासाठी दारे बंद झाली, कारण घर दिले तर ते गेलेच, हा धडा प्रत्येक मालकाने गिरविला.

देशातील शहरांत १९६१ साली शंभरांतील ५४ कुटुंबे भाड्याने राहत होती; २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण २८ वर आले. या घसरणीचा सगळा दोष भाडे कायद्यावर टाकणे योग्य नव्हे. गृहकर्जे सुलभ झाली, सहकारी सोसायट्या वाढल्या, प्राप्तिकरात सवलती मिळाल्या, आणि स्वतःच्या घराची आस तर मध्यमवर्गाला पहिल्यापासूनच. पण त्याच २०११ साली देशातील शहरांत एक कोटीहून अधिक घरे कुलूप लावून रिकामी होती, आणि एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. डोक्यावर छप्पर नसलेली माणसे आणि माणसे नसलेली छपरे एकाच शहरात नांदावीत, याचे काही उत्तर कायद्यालाही द्यावे लागते.

१९९९ च्या कायद्याने ते उत्तर दिले, परंतु अर्धेच. या कायद्यात एकाच छपराखाली दोन निराळी बिऱ्हाडे आहेत. जुन्या भाडेकरूचे बिऱ्हाड बव्हंशी पूर्वीप्रमाणे सुरक्षित राहिले. दरसाल चार टक्के वाढीची मुभा मालकाला मिळाली, आणि कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून भाडेकरूस काढता येत नाही. दुसरे बिऱ्हाड परवानाधारकाचे. त्याच्यासाठी २४ वे कलम आहे. मुदत संपताच त्याने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकाने दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न पडता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. परवानाधारकास आपली बाजू मांडावयाची असेल, तर ती मांडण्याचीसुद्धा परवानगी प्रतिज्ञापत्रावर, तीस दिवसांच्या आत मागावी लागते. आणि लेखी करारात जे लिहिले असेल तो त्यातील तथ्यांचा निर्णायक पुरावा मानला जातो. करार कोणी लिहिलेला असतो? मालकाच्या वकिलाने किंवा दलालाने. राहणारा माणूस टेंपोवाल्याशी बोलणी करीत असताना पाने उलटतो आणि अंगठा टेकवितो.

मालकाला त्वरित ताबा मिळावा ही तरतूद चुकीची आहे असे मुळीच नव्हे. तिच्यामुळेच कुलुपे उघडली. आज शहरांत नव्याने भाड्याने मिळणारी घरे बहुतांशी याच कलमाच्या विश्वासावर मिळतात. प्रश्न एवढाच की, या सौद्याची दुसरी बाजू लिहावयाची राहून गेली. मालकाला हवे होते ते त्याला मिळाले, जलदही मिळाले. बदल्यात राहणाऱ्याला काय मिळाले, हे कायद्याची पाने चाळून शोधावे लागते, आणि शोधूनही हाती फारसे लागत नाही.

दुरुस्तीचेच पाहा. १४ व्या कलमानुसार घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करून घ्यावा अशी तरतूद आहे. पाणी-वीज तोडून माणसास हुसकावून लावण्यास २९ वे कलम मनाई करते. तो गुन्हा आहे. दोन्ही कलमे उत्तम आहेत. परंतु दोन्हींत शब्द आहे 'भाडेकरू', आणि कायद्याच्या व्याख्येतील भाडेकरूत आजचा परवानाधारक सहजासहजी बसत नाही. छताचे प्लास्टर दोघांच्याही डोक्यावर सारखेच पडते. कायदा मात्र एकाचेच डोके ओळखतो.

'पेइंग गेस्ट' या वर्गाची अवस्था याहून विचित्र. मालक स्वतः जेथे राहतो त्या घराचा काही भाग ज्यास राहावयास दिला तो पेइंग गेस्ट, अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि त्यास परवानाधारकाच्या व्याख्येतूनही वगळले आहे. प्रत्यक्षात सदाशिव-नारायण पेठांतून स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी जी हजारो मुले 'कॉट बेसिस'वर राहतात, त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरात मालक राहतो? एका खोलीत चार-पाच कॉट, भिंतीवर नियमांचा कागद आणि पावती मागितली तर कपाळाला आठी. परभणी-धाराशिवहून आलेल्या या मुलांच्या हाती बहुधा लेखी करारच नसतो. करार नोंदविण्याची जबाबदारी ५५ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. तो नोंदविला नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरावे आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड व्हावा, इतके स्पष्ट लिहून ठेवले आहे. पण त्यासाठी तक्रार कोणी करावयाची? पूर्वपरीक्षा तोंडावर आलेल्या मुलाने?

आता अनामत रकमेकडे वळावे, कारण तक्रारींचे मोहोळ येथेच आहे. पुस्तकी भाषेत अनामत म्हणजे संभाव्य नुकसानीचे तारण. व्यवहारात ती राहणाऱ्याने मालकास दिलेले बिनव्याजी, बिनतारणी कर्ज आहे. एखाद्या शिक्षकाने वीस हजार रुपये भाड्याचे घर एक लाख अनामतीवर घेतले असे धरू. सात टक्क्यांनी अकरा महिन्यांचे व्याज बुडाले ते सुमारे ६,४०० रुपये. दलालास महिन्याचे भाडे म्हणजे २०,००० रुपये. करारखर्च, टेंपो व हमाली मिळून आणखी साडेतीन हजार. एकंदर तीस हजार रुपये. अकरा महिन्यांवर वाटले, तर वीस हजारांचे घर प्रत्यक्षात पावणेतेवीस हजारांना पडते. या वरच्या रकमेतील मोठा वाटा मालकाच्याही खिशात जात नाही. तो केवळ जागा बदलण्याच्या खटाटोपात विरून जातो. आणि हाच खर्च मालकाच्या हाती नकळत एक शस्त्र देतो. नूतनीकरणाच्या वेळी त्याने दीड-दोन हजार वाढवून मागितले, तरी नवे घर शोधण्यापेक्षा ते स्वस्त, असा हिशेब करून भाडेकरू मान तुकवितो. बाजारात घरे पुष्कळ आहेत, न आवडल्यास दुसरीकडे जावे, हा युक्तिवाद करणारे या तीस हजारांचा विचार करीत नाहीत.

गंमत अशी की, अनामतीवर व्याज सुटते हे सरकारला चांगले ठाऊक आहे. अशा करारावर मुद्रांक शुल्क आकारताना सरकार परत करावयाच्या अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरते, ते एकूण भाड्यात मिळविते आणि त्या बेरजेवर पाव टक्का शुल्क घेते. मालकाला अनामतीपासून लाभ होतो हे गृहीत धरून तिजोरी आपला हिस्सा उचलते. पण ती रक्कम ज्याची आहे त्यास ती केव्हा परत मिळावी, याविषयी कायदा मुदत घालून देत नाही. जागा सोडताना रंगाचे इतके, नळाचे इतके, भिंतीतील खिळ्यांचे इतके, असे तोंडी हिशेब निघतात आणि लाखाचे सत्तर-ऐंशी हजार हातावर पडतात. मालकास ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचे दार उघडे आहे. राहणाऱ्यास आपल्या वीस-तीस हजारांसाठी दिवाणी दावा लावावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा वकील वीस-तीस हजारांत मिळत नाही.

मालकांची बाजू येथे ऐकली पाहिजे. घरमालक म्हटला की नाटक-चित्रपटांतला कडेवर किल्ल्यांचा जुडगा मिरविणारा खडूस गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. आजचा सर्वसाधारण मालक तसा नाही. निवृत्तीच्या पैशांतून एक सदनिका घेऊन तिच्या भाड्यावर औषधपाणी भागविणारे दांपत्य, परगावी नोकरीस असलेला अभियंता, नवऱ्याच्या पश्चात राहिलेली बाई, असे हे लोक आहेत. त्यांनाही भाडे थकविणारे, सोसायटीची देणी बुडविणारे, फरशा फोडून जाणारे लोक भेटतात. १९४७ च्या कायद्याची भुते त्यांच्या मनातून अजून गेलेली नाहीत. म्हणूनच भाडे गोठविण्याची नवी मागणी कोणी करील तर ती आत्मघातकी ठरेल. परंतु वागणुकीचे नियम म्हणजे भाडे नियंत्रण नव्हे. सज्जन मालक आजही अनामत वेळेवर परत करतो, विचारून घरात येतो, नळ गळत असेल तर नळवाल्यास पाठवितो. नियम झाल्याने त्याचा एक पैसाही वाढत नाही. जो वाढेल तो नियमबाह्य वागणाऱ्याचा. आणि त्याच्या घराच्या चाव्या बाजारातून नाहीशा होतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

भिंतीच्या आतील मालकाखेरीज बाहेरचा एक मालक असतो. तो म्हणजे सोसायटी. भाड्याने दिलेल्या घरावरील बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये असा आदेश सरकारने ऑगस्ट २००१ मध्येच काढला. तरीही अविवाहितांना जागा नाही, मांसाहारी नकोत, अमुक आडनावाचे नकोत, अशी फर्माने तोंडी निघतच असतात. राज्यघटनेचे १५ वे कलम मुख्यतः शासनास बांधते. आणि एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरविला. तो निकाल सदस्यत्वापुरता होता. पण अकरा महिन्यांसाठी राहावयास येणाऱ्या नर्सला जिन्यातच आडनाव विचारणाऱ्यांना त्याने नकळत धीर दिला.

या सगळ्यावर तोडगा म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. घर परत देताना, देणी वळती करून, ती परत करावयाची आहे. मालकाने घरात येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना द्यावयाची आहे. पाणी-वीज तोडण्यास मनाई आहे. मुदतीनंतर चिकटून राहणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाड्याचा दंडही आहे, म्हणजे मालकालाही तो पोटाशी धरतो. भाडे मात्र उभयतांनी ठरवावयाचे. एकंदरीत सौदा समतोल आहे. परंतु घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने राज्याने स्वीकारल्यावाचून त्या मसुद्यास बळ नाही. आपल्याकडे त्याची चर्चा निघाली की जुन्या चाळींतील पागडीवाल्या भाडेकरूंच्या पोटात गोळा उठतो. मसुदा केवळ पुढील करारांना लागू व्हावयाचा आहे हे सांगूनही संशय फिटत नाही, आणि त्यांच्या मतांचा धाक असलेले लोकप्रतिनिधी विषय बाजूला सारतात. जुन्या भाडेकरूचा प्रश्न हा मोडकळीस आलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न आहे. परवानाधारकाचा प्रश्न हा दैनंदिन वागणुकीचा आहे. दोन्ही एका दोरीने बांधल्यामुळे दोन्ही बुडतात.

ती गाठ सोडविणे अवघड नाही. महाराष्ट्रास नवा कायदा आणि नवी न्यायाधिकरणे उभारण्याचीही घाई करावयास नको. जे हाताशी आहे ते पुरेसे आहे. भाड्याचा प्रत्येक वैध करार आज सरकारच्या नोंदणी खात्यातून जातो. संगणकावर ठरावीक नमुना उघडतो, नावे, भाडे, अनामत व मुदत भरली जाते, अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि शुल्क जमा होते. त्याच नमुन्यात काही अटी कायद्यानेच छापलेल्या असाव्यात आणि उभयतांनी ठरवूनही त्या खोडता येऊ नयेत. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि चावी परत केल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हिशेबासह परत व्हावी. विलंब झाल्यास परवानाधारकावर जी दुप्पट भरपाईची तलवार आहे, तीच मालकावरही असावी. प्रवेशाच्या दिवशी घराची स्थिती, नळ-दिवे-फरशांसह, छायाचित्रांनिशी कराराला जोडली जावी; त्याने मालकाचेही संरक्षण होईल. राहणाऱ्याची वागणूक चोख असेल, तर आधीच लिहून ठेवलेल्या वाढीने तीन वर्षांपर्यंत राहण्याचा पर्याय त्याच्या हाती असावा. मालकास घर स्वतःसाठी हवे असल्यास त्याने तीन महिने अगोदर सांगावे. मुलांची शाळेची इयत्ता तरी मध्येच तुटणार नाही.

इंग्लंडमध्ये २००७ पासून मालकाला अनामत स्वतःजवळ मोकळी ठेवता येत नाही. तिला मान्यताप्राप्त योजनेचे संरक्षण द्यावे लागते, न दिल्यास अनामतीच्या तिप्पटीपर्यंत दंड भरावा लागतो, आणि तंटा झाल्यास योजनेकडून न्यायालयाबाहेर निवाडा मिळतो. आपल्याकडे लगेच तितकी मजल मारता येणार नाही. पण अनामत बँकेतून द्यावी, रोखीने नव्हे, आणि तिचा क्रमांक करारात नोंदवावा, एवढे उद्याही होऊ शकेल.

सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती अर्थातच दाराची. जो सक्षम प्राधिकारी मालकाचा ताब्याचा अर्ज ऐकतो, त्यानेच परवानाधारकाचा अनामतीचा, दुरुस्तीचा आणि पाणी-वीज तोडल्याचा अर्ज ऐकावा. त्याच त्वरेने आणि वकिलावाचून. १४ व्या आणि २९ व्या कलमांत 'भाडेकरू'पुढे 'व परवानाधारक' एवढे शब्द घातले, आणि घरात मालक राहत नसेल तर कॉटवर राहणारा विद्यार्थीही परवानाधारकच मानावा असे स्पष्टीकरण जोडले, तर यास लागणारे विधेयक दोन पानांचे होईल. नोंदणीच्या नमुन्याला तर विधेयकाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. अनामतीवर दहा टक्के व्याज मोजणारा हिशेब तेथे सरकारने स्वतःसाठी आधीच केलेला आहे. त्याच्या खाली अनामत परत करण्याच्या तारखेचा एक रकाना वाढवावयाचा आहे.